दिवाडीचा बिशप, डिचोलीतली खुर्ची



आपल्या भागात जत्रा जवळ आल्या की मानपानाच्या बातम्या सुरू होतात. पालखीला खांदा कोणाचा, पहिला नारळ कोणाचा, गाऱ्हाणं कोणी घालायचं. वीसेक वर्षं मी हे लिहितोय. परवा एका बातमीखाली कोणीतरी कमेंट केली, "चर्चमध्ये बघा, तिथं असलं काही नसतं." ती वाचून हसू आलं. कारण चर्चमधल्या मानपानाची एक मोठी गोष्ट आपल्या डिचोली-बांदा-वेंगुर्ला या टापूतच घडलेली आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे.

माणसाचं नाव मातेउश दि कास्त्रो. जन्म 1594 च्या सुमारास, जुन्या गोव्यासमोरच्या दिवाडी बेटावर. घर बाटलेल्या ब्राह्मणांचं. पोरगा हुशार, रेईश मागूशला फ्रान्सिस्कन पाद्र्यांकडे शिकला आणि त्याला पाद्री व्हायचं होतं. गोव्याच्या आर्चबिशपनं नकार दिला.

इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. कॅथलिक चर्चमध्ये पाद्री होण्याची दीक्षा फक्त बिशप देऊ शकतो. भक्ती कितीही असो, लॅटिन कितीही येवो, बिशपचा हात डोक्यावर पडल्याशिवाय माणूस पाद्री होत नाही. म्हणजे सगळी चावी बिशपच्या हातात. आणि गोव्याचा बिशप नेमायचा कोणी? पोर्तुगालच्या राजानं. पोपनं राजाला हा हक्क देऊन टाकला होता, त्याला पाद्रोआदो म्हणत. चर्च बांधायचा खर्च राजाचा, पाद्र्यांना जहाजानं आणायचं काम राजाचं आणि बदल्यात नेमणुकाही राजाच्या. साहजिकच प्रत्येक आर्चबिशप पोर्तुगीज.

स्थानिकांना पाद्री करतच नव्हते असं नाही. पण 1606 च्या गोव्याच्या धर्मपरिषदेनं ठरवून टाकलं होतं की दीक्षा द्यायची ती वरच्या मानलेल्या जातींतल्यांनाच. देवापुढे सगळे सारखे असं सांगत आलेल्या धर्मानं इथली उतरंड जशीच्या तशी उचलून आत ठेवली. त्या निवडलेल्यांनाही मोठ्या संघांची दारं बंद. जेझुइटांनी पेरू लुईस नावाचा एक अपवाद सोडला, तर भारतीय माणूस संघात घेतलाच नाही. स्थानिक पाद्र्यानं गोऱ्या पाद्र्याच्या हाताखाली राहायचं, मिसा म्हणायची, मयताला जायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर कायम कंत्राटी.

कास्त्रो गप्प बसला नाही. खुष्कीच्या वाटेनं निघाला आणि 1625 च्या सुमारास रोमला पोचला. आज दाबोळीहून विमानात बसणाऱ्यानं त्या प्रवासाची कल्पना करून बघावी.

रोममध्ये त्याचं नशीब उघडलं, पण त्याला कारण होतं. 1622 साली पोपनं प्रोपागांडा नावाचं नवं खातं काढलं होतं, जगभरच्या धर्मप्रसाराचा कारभार आपल्या हाती घ्यायला. राजाला दिलेला हक्क आता रोमला बोचत होता. खात्याचा सचिव फ्रान्चेस्को इंगोली याचं ठाम मत होतं की स्थानिक पाद्री आणि स्थानिक बिशप तयार केल्याशिवाय चर्च रुजणार नाही. त्याला दारात असा माणूस सापडला. इंगोली मनापासून बोलत होता यात मला शंका वाटत नाही, पण रोमला पोर्तुगालच्या राजाविरुद्ध एक प्यादंही हवं होतं. दोन्ही खरं असू शकतं. राजकारण कव्हर करणाऱ्याला हे सांगावं लागत नाही.

कास्त्रोला रोममध्ये दीक्षा मिळाली. तो गोव्याला परतला तर गोव्यानं त्याची कागदपत्रं मानायला नकार दिला. तो परत रोमला गेला. 1637 साली रोमनं त्याला थेट बिशप केलं. रोमन कॅथलिक चर्चचा पहिला भारतीय बिशप. पदवी क्रिसोपोलिसची, म्हणजे नावापुरतं शहर, तिथं ना माणसं ना चर्च. खरं कार्यक्षेत्र विजापूरच्या आदिलशाहीचा मुलूख.

म्हणून तो डिचोलीला बसला. डिचोली तेव्हा आदिलशाहीत होती. नकाशा डोळ्यांपुढे आणा. पलीकडे कॅथलिक राजाचं गोवा, जिथं या कॅथलिक बिशपला कोणी विचारत नाही. अलीकडे मुसलमान सुलतानाचा मुलूख, जिथं तो सुखानं राहतो, डिचोली, बांदा, वेंगुर्ला अशी चर्च उभी करतो. सर्वांत मोठं काम म्हणजे तो पाद्री घडवायला लागला. गोव्यात नकार मिळालेली पोरं नदी ओलांडून डिचोलीला यायची, दीक्षा घेऊन परत जायची. गोव्याच्या आर्चबिशपचा जळफळाट झाला. चावी एकाच हातात होती, तिची दुसरी बनवून झाली होती. त्यानं या पाद्र्यांना काम करायला बंदी केली.

मग भांडण चिघळलं. वेंगुर्ल्यात डचांची वखार होती, विजापूरचा दरबार होता, आणि कास्त्रो या दोघांना हाताशी धरून गोव्यावर स्वारी घडवतोय असा पोर्तुगीजांचा आरोप. त्यानं गोव्याच्या ब्राह्मणांना उद्देशून एक लांबलचक पत्रही लिहिलं, त्याचं नाव 'ब्राह्मणांचा आरसा'. त्यात पोर्तुगीजांच्या जाचाविरुद्ध उठा असं आवाहन होतं. शेवटी रोमनं त्याला बोलावून घेतलं. उरलेलं आयुष्य तिकडेच गेलं, मरणही तिकडेच.

माणूस धाडसी, यात वाद नाही. मात्र त्या पत्राचं नाव पुन्हा एकदा वाचा. आवाहन गोव्याच्या ख्रिस्ती रयतेला नाही, ब्राह्मणांना आहे. वरच्याची खुर्ची अन्यायाची आहे हे त्याला लख्ख दिसत होतं. आपण स्वतः कोणाच्या डोक्यावर उभे आहोत हे दिसत होतं का, मला खात्री नाही. पुढे गोव्याच्या स्थानिक पाद्र्यांनी स्वतःचा ओरातोरियन संघ काढला, तो ब्राह्मणांपुरता. चाड्ड्यांना तिथं जागा नव्हती, त्यांनी चिंबलला कार्मेलाइटांचा वेगळा धरला. गावड्यांचा तर प्रश्नच कोणी काढला नाही. याच ओरातोरियनांतले जोसेफ वाझ मजुराच्या वेषात श्रीलंकेत शिरले, डचांनी बंदी घातलेलं तिथलं कॅथलिक चर्च त्यांनी जगवलं, 1711 ला तिथंच वारले. 2015 साली ते संत झाले. मोठं माणूस, पण आयुष्यभर साधे पाद्री.

खुर्चीचा राग शतकानंतरही धुमसत होता. कायतान फ्रान्सिस्को कौतो आणि दिवाडीचेच जुझे आंतोनियो गोन्साल्विस हे दोन पाद्री बिशपपदाच्या आशेनं लिस्बनला गेले, हात हलवत परतले. 1787 चं पिंतोंचं बंड म्हणतात त्याच्या मुळाशी हा अपमान होता. 47 जण पकडले, त्यांत 17 पाद्री. 15 जणांना पणजीत देहदंड झाला, आणि त्यांत एकही पाद्री नव्हता. पाद्र्यांना लिस्बनला नेऊन कोठडीत टाकलं. गुन्हा एक, पण झग्याला वेगळी शिक्षा. उतरंड अशी फाशीच्या तख्तापर्यंत चालत जाते.

नंतरचं थोडक्यात. मूळ गोवेकर कुटुंबातले व्हॅलेरियन ग्रेशियस 1950 साली मुंबईचे आर्चबिशप झाले आणि 1953 ला भारताचे पहिले कार्डिनल. गोव्यात मात्र पोर्तुगीज राज्य होतं, म्हणून गोव्याच्या गादीवर पोर्तुगीजच. 1961 ला राज्य गेलं, पुढच्या वर्षी शेवटचे पोर्तुगीज आर्चबिशपही गेले, पण पद कागदोपत्री त्यांच्याच नावावर 1975 पर्यंत राहिलं. गोंयकार आर्चबिशप गोव्याला मिळाला तो 1978 मध्ये, राऊल गोन्साल्विस. कास्त्रो बिशप झाला 1637 ला. वजाबाकी तुम्हीच करा.

आणि 27 ऑगस्ट 2022. त्या दिवशी पोप फ्रान्सिस यांनी रोममध्ये दोन भारतीयांना कार्डिनल केलं. एक गोव्याचे फिलिप नेरी फेर्रांव. आपल्याकडच्या पेपरांत त्यांचा फोटो पहिल्या पानावर होता, आम्हीही छापला. दुसरे हैदराबादचे अँथनी पूला, दलित समाजातून आलेले पहिले कार्डिनल. त्यांची बातमी आमच्याकडे आतल्या पानावर गेली, चार ओळींत.