गंज, पत्रा आणि पासिंग: खर्ड्यातली एक पद्मिनी

खर्डा म्हटलं की पहिली आठवते ती तारीख, 11 मार्च 1795. निजामाविरुद्ध एकत्र आलेले मराठे सरदार आणि खर्ड्याच्या किल्ल्यात अडकलेला निजाम. त्या लढाईवर एक भाग करायचाच आहे. पण आज खर्ड्यातच राहून वेगळ्या लोखंडाबद्दल बोलू. माझ्या मामांच्या वाड्यात 1980 ची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. तिचं पासिंग जवळ आलंय आणि तिला गंज लागलाय. पास झाली तर आणखी पाच वर्षं रस्त्यावर, नाही तर भंगार. मामांच्या घरात सध्या हाच एक विषय आहे.

या गंजाला इतिहास आहे, म्हणून तो इथे घेतोय.

थोडं मागे जाऊ. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना मुंबईत कुर्ल्याला. पन्नाशीच्या दशकात तिथे फियाट 1100 तयार होऊ लागली आणि 1974 पासून तीच गाडी ‘पद्मिनी’ नावाने विकली गेली. इंजिन 1089 सीसी. नाव बदललं, पण सांगाडा 1953 साली इटलीत आलेल्या फियाट 1100-103 चाच राहिला. आपल्या गोष्टीची मेख याच सांगाड्यात आहे.

त्याआधीच्या 1100 ला खाली वेगळी चॅसी असायची आणि तिच्यावर बॉडी बसवलेली. जीपचं अजून तसंच असतं. जीपचा वरचा पत्रा कुजला तर गाडी कुरूप दिसते, पण खालची चॅसी भार पेलत राहते. 103 मध्ये फियाटने ती वेगळी चॅसी काढून टाकली. फरशी, दाराखालची पोकळ पट्टी, खांब, छत हे सगळं एकत्र जोडून त्याच पत्र्याने भार घ्यायचा. गाडी हलकी झाली, चालायलाही छान. पण मागचे पाटे जिथे अडकवलेत ती जागासुद्धा आता बॉडीचाच भाग. म्हणजे पद्मिनीत गंज दाराखालच्या पट्टीत किंवा पाट्याच्या टोकाशी शिरला, तर तो थेट गाडीच्या हाडात शिरला असं समजायचं.

आता प्रश्न पडतो की खर्ड्यासारख्या कोरड्या भागात गाडी गंजतेच कशी? जामखेड तालुका अवर्षणाचा. आमच्याकडे पाऊस मोजून मापून येतो. त्याचं उत्तर मामांच्या गाडीच्या पहिल्या मालकाकडे आहे. ही गाडी मुंबईहून आलेली सेकंडहँड. खारी हवा, जुलैतला चिखल, रस्त्यावर उभी राहून काढलेली वर्षं. त्या हवेतला क्षार पत्र्याच्या घडीत बसतो आणि तिथे ओल धरून ठेवतो. गाडी देशावर आली तरी तो क्षार सोबत येतो. वरून चकचकीत, आणि मॅट उचलली की फरशी चाळणीसारखी.

बरं, हे इतकी वर्षं कुणाला दिसलं कसं नाही? इथे परमिट राज आठवायला हवं. त्या काळात बाजारात गाड्या म्हणजे अॅम्बेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड, आणि नवी फियाट नोंदवली की वर्षानुवर्षं वाट बघायची. त्यामुळे जुनी गाडी मोडीत काढणं परवडायचं नाही. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून ठिगळ, वर पुट्टीचा जाड थर, पॉलिश पेपर, रंग. त्या कारागिरांना मी नावं ठेवणार नाही. सुटा भाग मिळत नसताना त्यांनी देश चालता ठेवला. पण पुट्टी भार पेलत नाही. ती उलट ओल धरते आणि खालचा गंज निवांत पसरत राहतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून रंगाला फुगे येतात. फुगा बोटाएवढा दिसला तर आतलं भोक तळहाताएवढं असू शकतं.

आणि तपासणी? 1939 च्या मोटार वाहन कायद्यात फिटनेस सर्टिफिकेट होतं, पण ते धंद्याच्या वाहनांसाठी: ट्रक, बस, टॅक्सी. 1988 च्या कायद्याने खाजगी गाडीची नोंदणी 15 वर्षांची केली आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. गाडी दाखवल्याशिवाय ते होत नाही. 1989 च्या नियमांमध्ये फिटनेसला काय बघायचं त्याची यादी आहे. हेडलाइट, आरसा, हॉर्न, सायलेन्सर, वायपर, धूर, ब्रेक, स्टेअरिंग. गंजासाठी त्या मूळ यादीत वेगळी ओळ नाही! म्हणून आपल्याकडे पासिंगआधी लोक रंग मारतात आणि वेल्डिंग टाळतात.

पण गंज मागच्या दाराने येतोच. ब्रेकची पाइप गंजली की ब्रेकमध्ये, स्टेअरिंग बॉक्स जिथे बसतो तो पत्रा हलला की स्टेअरिंगमध्ये. आणि सगळ्यात वाईट म्हणजे चॅसी नंबर. पासिंगला त्यावर कागद ठेवून पेन्सिल घासतात आणि छाप घेतात. आकडे गंजाने खाल्ले असतील तर गाडी कितीही गुणी असो, तिची ओळखच पटत नाही. म्हणून मामांना मी पहिल्या दिवशी सांगितलं, नंबरपाशी ग्राइंडर अजिबात नाही. तिथे मऊ ब्रश, थोडं रॉकेल आणि भरपूर वेळ.

बाकीचं काम जामखेडच्या मिस्त्रींनी केलं. स्क्रूड्रायव्हरने टोचत जायचं, मऊ लागलं की खडूने खूण. कापताना चकाकणारा पत्रा लागेपर्यंत थांबायचं नाही. एका वेळी एकच बाजू, दारं जागेवर ठेवून आणि खाली टेकू लावून, नाहीतर बॉडी मध्येच बसते आणि दारं लागत नाहीत. बॅटरीखालचा पत्रा अॅसिडने गेला होता, तो आधी खाण्याच्या सोड्याने धुतला. पट्टीतली पाणी निघायची भोकं जुन्या पुट्टीने बुजली होती, ती मोकळी केली. मग रेड ऑक्साइड, रंग, आणि पोकळीत आतून तेलाचा फवारा. डांबर फासायचा मामांचा आग्रह होता. ओल्या गंजावर डांबर म्हणजे जखमेवर प्लास्टिक, असं मिस्त्रींनीच त्यांना ऐकवलं.

हात पोचत नाही तिथे गंज मारायचं जे रसायन मिळतं, त्यात बरेचदा टॅनिन असतं. ते गंजाशी संयोग पावून काळा, टिकाऊ थर करतं. हिरड्यातही टॅनिनच. हिरडा आणि लोखंड एकत्र करून आपल्याकडे काळी शाई करायचे, तीच क्रिया. जुन्या दप्तरांचा अभ्यास करणाऱ्या माणसाला याचं अप्रूप वाटणारच.

खर्च? 2022 पर्यंत कारच्या नूतनीकरणाला 600 रुपये फी होती. 1 एप्रिल 2022 पासून ती 5,000 झाली आणि 2025 मध्ये 20 वर्षांवरच्या गाडीला 10,000. पर्यावरण कर वेगळा. ‘विंटेज’ म्हणून नोंदवावी तर 2021 च्या नियमांनुसार गाडी 50 वर्षांपेक्षा जुनी हवी. मामांच्या गाडीला 2030 उजाडेल. शिवाय विंटेज नोंदणीची गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन एवढ्यासाठीच बाहेर काढता येते. मामांना तर तिच्यातून आठवडी बाजाराला जायचंय. आणि त्या नियमात बॉडी शेलमध्ये मोठे बदल चालत नाहीत. त्यामुळे आज लावलेलं प्रत्येक ठिगळ मूळ आकाराचंच हवं, हे मी मिस्त्रींना दोनदा सांगितलं. कापलेले जुने तुकडेही मापासाठी जपून ठेवलेत आणि प्रत्येक टप्प्याचे फोटो काढलेत.

गाडी येत्या मंगळवारी नगरला जाईल. शंभरेक किलोमीटर, स्वतःच्या चाकांवर. मामा म्हणतात टेम्पोत घालून नेली तर पासिंग कसलं? निकाल पुढच्या भागात सांगतो. तोवर तुमच्या घरी जुनी फियाट असेल तर एकदा मागची मॅट उचलून बघा आणि काय सापडलं ते कळवा.