घाटाखालचा हिवाळा

कार्तिक लागला, की माणदेश, फलटण, बारामतीकडच्या माळांवरचे गवत करपू लागते, ओढे आटू लागतात आणि पिढ्यान्‌पिढ्या मेंढरे राखीत आलेल्या धनगरांचे वाडे, म्हणजे फिरते तांडे, कोकणात उतरण्याच्या तयारीला लागतात. थंडीच्या भयाने ही मंडळी निघतात असे कोणी समजू नये. देशावरची थंडी घोंगडीत निभावते, निभावत नाही ते मेंढरांचे पोट. वर्षाकाठी जेमतेम 500 मिलिमीटर पावसावर गुजराण करणाऱ्या त्या मुलखात या दिवसांत शिवारभर शाळू उभा असल्याने मेंढरांना तोंड घालायला जागा उरत नाही. आणि नेमक्या त्याच सुमारास, याच्या कित्येक पट पाऊस झेललेल्या कोकणात भातकापणी उरकून खाचरे मोकळी पडलेली असतात.

या योगावर एक जुना व्यवहार उभा राहिला. घोड्यांवर बिऱ्हाड, भांडीकुंडी, कोंबड्या आणि चालवत नसलेली नवजात कोकरे लादून वाडा घाट उतरे. सांज होताच कुणाच्या तरी खाचरात वाघूर ठोकून तिच्या जाळीत मेंढरांचा खांडवा कोंडला जाई, आणि रात्रभर पडलेल्या लेंड्यांच्या मोबदल्यात शेतकरी सकाळी भात मोजून देई. दुसऱ्या रात्री शेजारचे खाचर. असे करीत करीत, मृगाआधी पुन्हा घाट चढायचा, कारण कोकणच्या चिखलात मेंढरांची खुरे सडतात.

मराठेशाहीच्या दप्तरांत हा धनगर भेटतो तो बहुधा वनचराई नाहीतर मोहतर्फा (धंद्यावरचा कर) भरणारी रयत म्हणून. ज्या खताने भाताचे पीक, आणि पर्यायाने सरकारचा वसूल वाढे, त्याला कराच्या रकान्यात जागा असण्याचे कारणच नव्हते! पुढे 1878 च्या जंगल कायद्याने राने राखीव झाली, आणि वाटेवरची जी चराई बापजाद्यांचा रिवाज होती, ती ठिकठिकाणी गुन्हा ठरली. इकडे 1885 साली नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी बारामतीकडे खेळू लागले, तेव्हापासून माळ मोडून ऊस उभा राहत गेला आणि मेंढरांचे घरचे रानही आकसले.

अलीकडे भाताऐवजी रोख पैसे मिळतात. युरियाची गोणी दारात येऊ लागल्यापासून बोलावणीही घटली. रायगडात खाचरांच्या जागी फार्महाउसची तारकुंपणे आल्यामुळे वाघूर ठोकण्याजोगे मोकळे रान गाठायला वाड्याला आणखी दोन मजला पुढे जावे लागते.