किडनीचा पेशंट रात्री का जागतो?

१९४५ साल म्हटलं की आपल्याला पत्रीसरकार आठवतं. वाळवा, तासगाव आज सांगलीत. तेव्हा ते सातारा जिल्ह्यातच होते. भूमिगतांना निवांत झोप अशी नव्हतीच. पण त्या जागरणाचं कारण त्यांना ठाऊक होतं.

त्याच साली युरोपात दोन गोष्टी घडल्या. हॉलंडमध्ये कांपेन या गावी डॉ. विलेम कोल्फ यांनी सॉसेज भरायच्या सेलोफेनच्या नळीतून रक्त फिरवून ६७ वर्षांच्या एका बाईंना वाचवलं. आधीचे बहुतेक सगळे पेशंट दगावले होते. डायलिसिसवर बऱ्या झालेल्या या पहिल्या. आणि स्वीडनमध्ये डॉ. एकबॉम यांनी एका जुन्या तक्रारीला नाव दिलं, ‘अस्वस्थ पाय’. आडवं झालं की पायांत वळवळ सुटते, हलवल्याशिवाय राहवत नाही. थॉमस विलिस यांनी ती १६७२ मध्येच लिहून ठेवली होती. मूत्रपिंड निकामी झालेल्यांना ही तक्रार इतरांपेक्षा कितीतरी जास्त होते. शिवाय खाज, झोपेत श्वास अडकणं, दिवसा डुलक्या.

१९६० मध्ये सिअॅटलच्या डॉ. स्क्रिबनर यांनी हातात कायमची नळी बसवली, आणि डायलिसिस वर्षानुवर्षं करता येऊ लागलं. यंत्रं मोजकी. ती कुणाला द्यायची हे ठरवायला तिथे कमिटी नेमली, तीत सामान्य नागरिकही होते. ही कमिटी मी नीतिशास्त्राच्या तासाला किती वर्षं शिकवली! यंत्र मिळालेल्या माणसाच्या रात्रीचं काय, हे मात्र कधी मनात आलं नाही. चरकाने आहाराच्या जोडीने झोपेला शरीराचा आधारखांब म्हटलंय, तेही शिकवत होतोच.

माझ्या पिढीने डायलिसिस हा शब्द ऐकला तो जयप्रकाशांमुळे, १९७५ मध्ये, जसलोकच्या बातम्यांत. पुढे सांगलीच्या माझ्या एका वर्गमित्राच्या घरीच तो आला. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. रात्री हा अंगणात येरझाऱ्या घालायचा. घरचे म्हणत, फार विचार करतो. मीही तेच धरून चाललो. गीतेवरचं एक पुस्तक दिलं, अनासक्तीवर बोललो. तो म्हणाला, “अरे, मन शांत आहे रे. पाय ऐकत नाहीत.” मला वाटलं, रूपक आहे.

पुढे त्याच्या सुनेने हे डॉक्टरांना जसंच्या तसं सांगितलं. रक्त तपासलं, लोह कमी निघालं. सगळ्यांचं कारण तेच नसतं, पण त्याचं होतं. शिरेतून लोह दिलं, आणि काही आठवड्यांनी येरझाऱ्या कमी झाल्या. पुस्तक त्याने परत पाठवलं. वीस पानांपुढची पानं कोरी करकरीत होती.