ललिता, ए.

ललिता, ए. : (२७ ऑगस्ट १९१९ – १९७९). भारतातील पहिल्या महिला अभियंत्यांपैकी एक. पूर्ण नाव अय्यलसोमयाजुला ललिता. जन्म मद्रासमधील तेलुगू कुटुंबात. वडील पप्पू सुब्बाराव गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात विद्युत् अभियांत्रिकीचे प्राध्यापक होते. ललितांचे लग्न पंधराव्या वर्षी झाले आणि मुलगी चार महिन्यांची असतानाच त्यांना वैधव्य आले. त्या वेळी त्या अठरा वर्षांच्या होत्या.

माहेरी येऊन त्यांनी शिक्षण पुन्हा सुरू केले. वैद्यकात रात्री-अपरात्री जावे लागते, मग लेकराकडे कोण पाहणार, म्हणून डॉक्टर होण्याचा विचार सोडून त्यांनी अभियांत्रिकी निवडली. वडिलांनी गिंडी महाविद्यालयाचे प्राचार्य के. सी. चाको यांच्याकडे शब्द टाकला, शिक्षण संचालकांनीही मान्यता दिली आणि १९४० मध्ये शेकडो मुलांच्या त्या महाविद्यालयात ललिता दाखल झाल्या. मुलगी मामाच्या घरी आणि आई वसतिगृहात, अशी विभागणी झाली.

वर्गातल्या मुलांचा त्रास नव्हता, पण वसतिगृहातला एकटेपणा खायला उठे. तेव्हा सुब्बारावांनी आणखी मुलींना प्रवेश द्यावा म्हणून आग्रह धरला आणि लीलम्मा जॉर्ज व पी. के. त्रेस्या स्थापत्य शाखेत आल्या. प्रवेशाच्या परवानगीइतकेच मोल या सोबतीचे आहे. एकट्या मुलीला अपवाद म्हणून सामावून घेता येते. तिघी आल्या की संस्थेला मुलींचा विचार करावाच लागतो. पदवीपत्रे मात्र पुरुषांसाठीच छापलेली होती, त्यामुळे त्यांवरील पुल्लिंगी सर्वनाम खोडून स्त्रीलिंगी लिहावे लागले. त्रेस्या पुढे १९७१ मध्ये केरळच्या सार्वजनिक बांधकाम खात्याच्या मुख्य अभियंता झाल्या.

ललितांनी जमालपूरच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी केली, काही काळ सिमल्यात नोकरी केली आणि १९४८ मध्ये कोलकात्याच्या असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजमध्ये त्या रुजू झाल्या. पारेषण वाहिन्यांचे आराखडे व उपकेंद्रांची मांडणी हे त्यांचे काम. भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या कामातही त्यांचा वाटा होता. विधवेने गावोगावी फिरणे समाजाला रुचत नसल्याने त्यांचे बरेचसे काम कार्यालयातूनच चाले.

१९६४ मध्ये न्यूयॉर्कला भरलेल्या महिला अभियंते व शास्त्रज्ञांच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय परिषदेला त्या स्वतःच्या हिमतीवर गेल्या. लंडनच्या विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटीने १९६५ मध्ये त्यांना पूर्ण सदस्यत्व दिले. १९६७ च्या केंब्रिज परिषदेसाठी भारतातील महिला अभियंत्यांशी संपर्क साधण्याचे कामही त्यांनी अंगावर घेतले. १९७७ मध्ये त्या निवृत्त झाल्या.