भंगारातला निळा उजेड : प्रस्तावना

शाळेच्या किंवा कार्यालयाच्या अडगळीत पडलेला प्रोजेक्टर बहुतेकांनी पाहिलेला असतो. वर धुळीचा थर, वायर कशीबशी गुंडाळलेली आणि पाठीवर ‘नादुरुस्त’ अशी चिठ्ठी. भंगारवाला त्याचे पैसे वजनावर देतो. पण तो प्रोजेक्टर लेसरवर चालणारा असेल, तर त्याच्या पोटात हरभऱ्याएवढ्या धातूच्या डब्यांमध्ये धडधाकट लेसर डायोड अजून बसलेले असण्याची बरीच शक्यता असते. ते इजा न होता बाहेर कसे काढावेत, एवढाच या पुस्तिकेचा विषय आहे. विषय लहान वाटेल. मला तो तसा का वाटत नाही, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

अर्धवाहकापासून लेसर निर्माण करण्याचा पहिला मान अमेरिकेतल्या रॉबर्ट हॉल यांच्या चमूकडे जातो. १९६२ साली त्यांनी गॅलियम आर्सेनाइडचा डायोड द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत ठेवून चालवला. त्यानंतर दोनच वर्षांनी मुंबईत, तुर्भ्याच्या अणुशक्ती केंद्रात, त्याच जातीचा लेसर तयार झाला आणि पुढे त्याच्या प्रकाशावरून थेट कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेपर्यंत संदेशवहनही करून दाखवले गेले. हे आपल्याकडे फारसे सांगितले जात नाही. या विषयाकडे येणाऱ्या मराठी वाचकांनी ते जरूर ध्यानात ठेवावे, कारण हा विषय आपल्याला वाटतो तितका परका नाही.

निळ्या प्रकाशाने मात्र सर्वांनाच फार वाट पाहायला लावली. गॅलियम नायट्राइडचे चांगल्या प्रतीचे स्फटिक वाढवणे इतके अवघड होते, की जपानच्या निचिया कंपनीत शुजी नाकामुरा यांना त्यापासून लेसर साधेपर्यंत १९९० चे दशक अर्धे सरले. पुढे एकेका डायोडमधून वॅटभर निळा प्रकाश मिळू लागला आणि २०१० साली कॅसिओने असे २४ डायोड एका प्रोजेक्टरमध्ये बसवले. त्या रचनेत निळा प्रकाश थेट वापरला जातो. हिरवा मिळवण्यासाठी तोच निळा झोत फिरत्या फॉस्फर चकतीवर पाडतात आणि लाल रंगासाठी वेगळा एलईडी असतो. पाऱ्याचा दिवा गेला आणि हजारो तास टिकणारा उजेड आला.

गंमत अशी, की हा उजेड त्याच्या भोवतालच्या यंत्रापेक्षा दीर्घायुषी निघाला. चित्र घडवणाऱ्या चिपवरचे सूक्ष्म आरसे अडकतात आणि पडद्यावर पांढरे ठिपके उमटतात. पंखा धुळीने थांबतो, पॉवर सप्लाय जळतो, चकतीची मोटर अडते. प्रोजेक्टर टाकून दिला जातो, पण डायोडांना काही झालेले नसते. त्यांच्यावर खरे संकट येते ते आपण पेचकस हाती घेतल्यावर. माझ्या मते अशा डायोडांपैकी बहुतेक वापरताना मरत नाहीत, ते काढताना किंवा पहिल्यांदा तपासताना मरतात. मरणही असे, की आवाज नाही, धूर नाही. डायोड पेटतो, निळा दिसतोही. फक्त तो आता लेसर राहिलेला नसतो, साध्या एलईडीसारखा मिणमिणत असतो.

असे का होते, हे एकदा नीट समजले की हाताला शिस्त आपोआप लागते. म्हणून वाचकांनी कृतीच्या प्रकरणांकडे वळण्याआधी थोडा वेळ इथेच थांबावे, अशी विनंती आहे. डायोडच्या आतला स्फटिक वाळूच्या कणासारखा असतो. त्याच्या ज्या कडेतून प्रकाश बाहेर पडतो, तो भाग काही मायक्रॉन रुंद आणि जेमतेम मायक्रॉनभर उंच. तेवढ्याशा खिडकीतून एक वॅट प्रकाश बाहेर पडतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला काही दशलक्ष वॅट इतकी दाटी होते. विद्युतप्रवाह क्षणभर जरी मर्यादेपलीकडे गेला, तरी ही कड तापते. तापली की ती जास्त प्रकाश शोषते, त्यामुळे आणखी तापते आणि शेवटी वितळते. हा सारा प्रकार डोळ्याची पापणी लवण्याच्या कितीतरी आधी उरकलेला असतो. अनेकजण नेहमीचा फ्यूज लावून निर्धास्त होतात, पण इतक्या वेगापुढे तो काहीच करू शकत नाही.

असा क्षणिक झटका येतो कुठून? पहिले ठिकाण म्हणजे आपलेच शरीर. थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तेव्हा अंगावर हजारो व्होल्टचा स्थिर विद्युतभार साठलेला असतो. डायोडला इजा व्हायला त्याहून फार कमी पुरतो, आणि तेवढा झटका आपल्या बोटांना जाणवतही नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हिवाळ्यात काम करणाऱ्यांनी याबाबत कोकणातल्या मित्रांपेक्षा जास्त सावध असावे. मनगटाला अर्थिंगचा पट्टा, टेबलावर तशीच चटई, आणि डायोड सुटा होताच त्याच्या पायांना तांब्याच्या बारीक तारेचा वेढा, इतकी तयारी पुरते.

दुसरे ठिकाण म्हणजे ड्रायव्हरचा, म्हणजे डायोडला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा, कपॅसिटर. ड्रायव्हर आधी चालू करून मग डायोड जोडला, तर कपॅसिटरमध्ये साठलेला भार एका दमात डायोडमधून वाहतो. म्हणून क्रम कायम ठेवावा : आधी कपॅसिटर रिकामा, मग जोडणी, मग वीज, आणि तीही स्थिर प्रवाह देणाऱ्या ड्रायव्हरमधून. हा एक नियम पाळणाऱ्याचे निम्मे नुकसान टळते, असे मी खात्रीने सांगेन.

उष्णतेबद्दल थोडक्यात. सोल्डरिंगचे टोक ३५० अंश सेल्सियसपर्यंत आणि स्पर्श तीन सेकंदांपर्यंत ठेवावा. एक पाय झाला की डायोड थंड होऊ द्यावा. डबीवरची काच मात्र कधीही काढू नये. आतली हवा कारखान्यात हेतुपूर्वक कोंडलेली असते. काच गेली की सिलिकॉन सीलंटची किंवा गोंदाची वाफ आत शिरते आणि निळ्या प्रकाशाच्या माऱ्याने तिचा थर बरोबर त्या नाजूक कडेवर बसतो.

आता एक मत मांडतो, जे काहींना पटणार नाही. डायोड एका धातूच्या ठोकळ्यात बसवलेले असतील आणि प्रत्येकासमोर भिंग नेमके जुळवलेले असेल, तर ते सुटे करण्याचा मोह आवरावा. तो ठोकळाच त्यांची उष्णता वाहून नेतो, आणि ती जुळणी कारखान्याने केलेली असते. घरच्या टेबलावर ती पुन्हा साधत नाही. अख्खा ठोकळा जपून ठेवणे हीसुद्धा सुटकाच आहे. एखाद-दुसरा डायोड खरोखर हवा असेल तेव्हाच काढावा, आणि तोही पक्कडीने न ओढता, मागून सरळ रेषेत सारखा दाब देऊन.

तपासणीत नवख्यांची एक चूक वारंवार होते. निळ्या डायोडला चालायला चार व्होल्टच्या आसपास लागतात. अनेक साधे मल्टिमीटर डायोड तपासताना त्याहून कमी देतात आणि ‘ओपन’ दाखवतात. तेवढ्यावरून चांगला डायोड कचऱ्यात टाकू नका. मर्यादित प्रवाहावर, काही मिलिअँपिअरपासून सुरुवात करून, प्रवाह आणि प्रकाश यांची जोडी वहीत टिपत चला. निरोगी डायोडचा आलेख एका ठिकाणी एकदम वर वळतो. मेलेल्याचा वळत नाही.

हा आलेख काढताना आणि एरवीही, डोळ्यांचा प्रश्न सर्वांत आधी येतो. पापणीच्या भरवशावर ज्या लेसरकडे चुकून नजर गेली तरी चालते, त्यांची मर्यादा एक मिलिवॅट आहे. इथे आपण त्याच्या हजारपट प्रकाश हाताळतो. भिंतीवरून परतलेला झोतही दृष्टिपटल जाळू शकतो आणि त्या जखमेवर उपाय नाही. उन्हाचा गॉगल इथे निरुपयोगी. ४४५ नॅनोमीटरचा उल्लेख आणि रोधक्षमतेचा आकडा छापलेला चष्माच हवा, आणि खोलीत जितकी माणसे तितके चष्मे. शिवाय २३० व्होल्टवर चालणाऱ्या पॉवर सप्लायच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यानंतरही सव्वातीनशे व्होल्ट किंवा त्याहून अधिक उरलेले असू शकतात. ते उतरल्याचे मीटरवर पाहूनच आत हात घालावा.

एवढ्या अटी वाचून कोणी बिचकले असेल, तर मला त्याचे वाईट वाटेल. घड्याळजी याहून नाजूक काम रोज करतो आणि आनंदाने करतो. एक अखंड डायोड पहिल्यांदा स्वच्छ वळणाचा आलेख देतो, तेव्हा होणारे समाधान मी अनुभवले आहे आणि ते तुम्हालाही मिळावे, अशी इच्छा आहे. वाचकांनी फक्त एक करावे : पुस्तिका उघडण्याआधी चष्मा मागवावा. तो येईपर्यंत ही पाने वाचून होतील, आणि तोवर प्रोजेक्टर अडगळीतच राहू द्यावा.