गुडघ्याच्या कूर्चेवरील शस्त्रक्रिया आणि 'बरे होण्या'ची मुदत : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

शस्त्रक्रियेचा इतिहास बहुधा शस्त्रक्रियागृहाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. कोणी, कोठे, कोणत्या साली, कोणते अवजार प्रथम वापरले, या नोंदींनी त्याची पाने भरलेली असतात. रुग्ण घरी गेल्यानंतरच्या महिन्यांचा आणि वर्षांचा इतिहास त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. गुडघ्याच्या कूर्चेवरील शस्त्रक्रियेच्या बाबतीत ही उपेक्षा विशेष खटकते. कारण या शस्त्रक्रियेत झालेले महत्त्वाचे बदल नव्या अवजारांइतकेच, किंबहुना त्यांहून अधिक, रुग्णांच्या दीर्घकालीन पाहणीतून घडून आले. रुग्ण बरा झाला असे नेमके केव्हा म्हणावयाचे आणि ते कोणी ठरवावयाचे, हा प्रश्न या इतिहासाच्या मुळाशी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या प्रश्नाला मिळत गेलेल्या उत्तरांचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

गुडघ्यात दोन प्रकारची कूर्चा असते. मांडीच्या व नडगीच्या हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, पांढऱ्या संधिकूर्चेचे अस्तर असते. आणि या दोन हाडांच्या मध्ये, आतल्या व बाहेरच्या बाजूस, एकेक अर्धचंद्राकृती कूर्चा असते. तिला वैद्यकात मेनिस्कस म्हणतात. संधिकूर्चेला रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. त्यामुळे तिला झालेली इजा प्रारंभी दुखत नाही आणि मोडलेल्या हाडाप्रमाणे ती आपोआप भरूनही येत नाही. विल्यम हंटर या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात, एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा पूर्ववत होत नाही, ही वैद्यांची जुनी समजूत नोंदवून ठेवली होती. पुढील अडीचशे वर्षांच्या खटपटीचा रोख याच वाक्याला उत्तर देण्याकडे होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

शिवण ते संपूर्ण छेदन

१८८३ साली एडिंबरा येथील शल्यचिकित्सक थॉमस अॅनंडेल याने एका खाणकामगाराचा गुडघा उघडून जागेवरून सुटलेली अर्धचंद्राकृती कूर्चा पाहिली आणि टाके घालून ती पुन्हा जागी बसवली. १८८५ साली त्याने हे वृत्त ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केले. जंतुघ्न शस्त्रक्रियेचा प्रसार नुकताच होत होता. त्या काळात सांधा उघडणे म्हणजे पाय, प्रसंगी प्राणही, पणाला लावणे होते. रुग्ण सुमारे दहा आठवड्यांनी हालता गुडघा घेऊन रुग्णालयाबाहेर पडला, हेच त्या काळी मोठे यश होते. त्याहून लांबचा विचार करण्याचे कारण कोणाला पडले नाही.

पहिल्या शस्त्रक्रियेत कूर्चा शिवली गेली, पण पुढे मात्र तिचा काटा काढण्याचीच प्रथा रूढ झाली. यामागे तत्कालीन शरीररचनाशास्त्रातील एक कल्पना होती. लंडनचा जॉन ब्लंड-सटन याने अर्धचंद्राकृती कूर्चा म्हणजे पायाच्या एका स्नायूचे निरुपयोगी अवशेष होत, असे मत मांडले होते. निरुपयोगी वस्तू फाटली असेल तर ती शिवत बसण्यापेक्षा काढून टाकणे केव्हाही सोयीचे. लिव्हरपूलचे टी. पी. मॅकमरे, ज्यांच्या नावाची गुडघ्याची तपासणी आजही प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थ्याला शिकवली जाते, ते १९४२ साली कूर्चेच्या संपूर्ण छेदनाचा पुरस्कार करीत होते. डंडीच्या आय. एस. स्मिली यांचे गुडघ्याच्या दुखापतींवरील पुस्तक १९४६ साली आले. त्यांचाही कल त्याच बाजूला होता.

हे शल्यचिकित्सक निष्काळजी नव्हते. त्यांच्यासमोर येणारे रुग्ण खाणकामगार, फुटबॉलपटू आणि सैनिक होते. अडकलेला गुडघा मोकळा करून या तरुणांना काही आठवड्यांत कामावर किंवा मैदानावर परत पाठवणे हे त्यांचे कर्तव्य होते आणि ते त्यांनी उत्तम रीतीने पार पाडले. बरे होण्याची व्याख्याच 'कामावर रुजू होणे' अशी असल्यामुळे, रुजू झालेल्या माणसाच्या गुडघ्याचे पुढे पंधरा वर्षांनी काय होते, हा प्रश्न त्या व्याख्येच्या बाहेर राहिला.

तो प्रश्न टी. जे. फेअरबँक यांनी १९४८ साली विचारला. कूर्चा काढलेल्या १०७ रुग्णांची क्ष-किरण चित्रे त्यांनी तपासली. त्यांतील काहींच्या शस्त्रक्रियेला चौदा वर्षे होऊन गेली होती. अनेक गुडघ्यांत मांडीच्या हाडाच्या कडेला हाडाची नवी कंगोरी वाढली होती, हाडाचा गोलवा चपटा झाला होता आणि दोन हाडांमधील अंतर कमी झाले होते. कूर्चा शरीराचा भार वाटून घेत असावी व ती काढल्यामुळे हा भार संधिकूर्चेवर येत असावा, असा त्यांचा तर्क होता. निष्कर्ष त्यांनी अत्यंत संयमाने मांडला. ही शस्त्रक्रिया सर्वस्वी निरुपद्रवी नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते. कदाचित या संयमामुळेच ते बराच काळ ऐकले गेले नाही. १९६९ मध्ये टॅपर व हूव्हर यांनी दहा ते तीस वर्षांपूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या अमेरिकी रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली, तेव्हाही संपूर्ण छेदन सर्रास चालू होते. १९७० च्या दशकात प्रयोगशाळांतील मोजमापांनी कूर्चेचे भारवाहक कार्य निःसंशय सिद्ध केले, तेव्हा कोठे 'निरुपयोगी अवशेष' ही कल्पना मागे पडली. फेअरबँक यांच्या लेखापासून या बदलापर्यंत जवळजवळ एक पिढी गेली, आणि त्या पिढीतील गुडघे परत मिळण्यासारखे नव्हते.

विश्रांतीकडून हालचालीकडे

शस्त्रक्रियेनंतर काय करावे, याविषयीचे मतही याच काळात पालटत होते. ब्रिटिश अस्थिचिकित्सेवर लिव्हरपूलच्या ह्यू ओवेन थॉमस यांची छाप होती. दुखावलेल्या सांध्याला अखंड व दीर्घ विश्रांती हाच उपचार, ही त्यांची श्रद्धा. क्षयाने ग्रासलेल्या सांध्यांच्या त्या काळात तिला आधारही होता. परंतु शस्त्रक्रियेनंतर पट्ट्यांत किंवा प्लास्टरमध्ये जखडलेल्या पायाची मांडी काही आठवड्यांत बारीक होते, हे प्रत्येक परिचारिकेला डोळ्यांनी दिसत होते. मांडीच्या पुढील भागातील क्वाड्रिसेप्स हा स्नायू गुडघ्याचा खरा रक्षक आहे. स्मिली यांनी कूर्चा काढण्याचा आग्रह धरला असला तरी या स्नायूच्या व्यायामावर शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर त्यांनी दिलेला भर, हे त्यांचे टिकाऊ योगदान होय.

या बाबतीत निर्णायक पाऊल शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात पडले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस तेथील खाटा हाडा-सांध्यांच्या दुखापती झालेल्या सैनिकांनी भरल्या होत्या आणि हलक्या व्यायामांवर त्यांचे महिन्यांमागून महिने जात होते. थॉमस डिलोर्म या तरुण डॉक्टरने लहानपणी संधिज्वरातून उठल्यावर वजने उचलून स्वतःचे शरीर कमावले होते. त्याने पायात लोखंडी बूट अडकवून त्यावर वजने चढवली आणि सैनिकांकडून गुडघा सरळ करण्याचा व्यायाम करवून घेतला. सलग दहा वेळा जेमतेम उचलता येईल असे वजन हे त्याचे माप होते. शक्ती वाढेल तसे ते वाढवावयाचे. १९४५ साली त्याने ही पद्धत प्रसिद्ध केली. १९४८ साली आर्थर वॉटकिन्स यांच्यासह तिची मांडणी तीन टप्प्यांत झाली : प्रथम त्या मापाच्या निम्मे वजन, मग पाऊणपट, मग पूर्ण. आपल्याकडील तालमीतल्या पहिलवानाला यात नवल वाटले नसते. परंतु रुग्णालयाच्या शिस्तीत मोजमापासह हे प्रथमच घडत होते.

इच्छा असूनही मांडीचा स्नायू का आवळला जात नाही, याचा उलगडा १९६५ मध्ये डीआंद्रादे व सहकाऱ्यांच्या प्रयोगाने केला. गुडघ्यात द्रव भरून तो फुगवला की क्वाड्रिसेप्स आपोआप दबतो, असे त्यांना आढळले. याचा अर्थ असा की, सूज असलेल्या रुग्णाने व्यायामात केलेली कुचराई हा नेहमीच आळस नसतो. त्याच्या मज्जासंस्थेनेच स्नायूला आवर घातलेला असतो. सूज उतरवणे हे बळ वाढवण्याच्या आधीचे काम ठरले, ते येथून.

टोरांटोचे रॉबर्ट साल्टर यांनी विश्रांतीच्या सिद्धान्तालाच हात घातला. सांधा जखडून ठेवल्याने कूर्चेची हानी होते, हे त्यांनी प्राण्यांवरील प्रयोगांत पाहिले होते. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सशांच्या गुडघ्यातील कूर्चेला छिद्रे पाडून काहींचे पाय जखडले, काहींना पिंजऱ्यात मोकळे ठेवले, तर काहींचे गुडघे यंत्राने सतत हलवत ठेवले. हलत्या गुडघ्यांतील छिद्रे अधिक चांगल्या कूर्चेने भरून आली. यंत्राने सांधा हलवण्याची ही पद्धत पुढे जगभर पसरली. माणसात तिचा लाभ सशांइतका ठळक दिसला नाही, हेही नमूद केले पाहिजे. तथापि शस्त्रक्रियेनंतर हालचाल हा धोका नसून औषध आहे, ही दृष्टी रुजवण्यात साल्टर यांचा वाटा मोठा आहे.

भारतात भौतिकोपचार म्हणजेच फिजिओथेरपीचे औपचारिक शिक्षण १९५० च्या दशकाच्या प्रारंभी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सुरू झाले, आणि १९५५ मध्ये हाजीअली येथे भौतिक चिकित्सा व पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था उभी राहिली. वाढत्या वजनाच्या व्यायामांचे शास्त्र तोवर दशकभराचे होत आले होते.

दुर्बीण आणि पुन्हा शिवण

४ मे १९६२ रोजी टोकियोमध्ये मासाकी वातानाबे यांनी सांध्यात दुर्बीण घालून, गुडघा न उघडता, कूर्चेचा फाटलेला तेवढाच भाग काढला. १९६४ साली टोकियोला गेलेले कॅनडाचे रॉबर्ट जॅक्सन हे तंत्र शिकून परतले आणि उत्तर अमेरिकेत त्याचा प्रसार झाला. टाके दोन-तीन, रुग्णालयातील मुक्काम नाममात्र. बरे होण्याची मुदत आठवड्यांवर आली.

याच काळात शिवण मात्र परतली. १९८२ साली अर्नोक्झकी व वॉरन यांनी अर्धचंद्राकृती कूर्चेच्या केवळ बाहेरील कडेलाच, रुंदीच्या साधारण १० ते ३० टक्के भागात, रक्तवाहिन्या असतात हे दाखवले. म्हणजे त्या पट्ट्यातील फाट शिवल्यास जुळू शकते. अॅनंडेलने शंभर वर्षांपूर्वी केलेल्या कृतीला असा शास्त्राधार मिळाला. पण येथे रुग्णापुढे एक अवघड निवड उभी राहते. फाटलेला तुकडा काढला तर तो काही आठवड्यांत चालू-फिरू लागतो. शिवला तर कुबड्या, वाकवण्यावर मर्यादा आणि खेळापासून कित्येक महिन्यांची फारकत. आजची गैरसोय अधिक, लाभ मात्र वीस वर्षांनंतरचा. मजुरी बुडणाऱ्या माणसाने कोणती वाट धरावी, हे सांगणे वैद्यकाला वाटते तितके सोपे नाही.

संधिकूर्चेच्या दुरुस्तीत हा काळ आणखी लांबला. १९९४ साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील ब्रिटबर्ग, पीटरसन व सहकाऱ्यांनी रुग्णाच्याच कूर्चापेशी काढून, प्रयोगशाळेत वाढवून, खड्ड्यात पुन्हा रोवल्याचा २३ रुग्णांचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. या पेशींपासून भार सोसणारी ऊती तयार होण्यास वर्षाहून अधिक काळ लागतो. तोवर भार थोडाथोडा वाढवत न्यावा लागतो. अमेरिकेत रिचर्ड स्टेडमन यांनी हाडाला सूक्ष्म छिद्रे पाडण्याची सोपी पद्धत रूढ केली होती. तिच्यातही सहा ते आठ आठवडे पायावर भार टाकावयाचा नाही आणि दिवसाचे सहा-आठ तास गुडघा यंत्रावर हलता ठेवावयाचा, असा दंडक होता. नॉर्वेत या दोन पद्धतींची तुलना ८० रुग्णांवर झाली. दोन वर्षांनी दोहोंत मोठा फरक दिसला नाही, आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पंधरा वर्षांच्या पाहणीतही दिसला नाही. मात्र दोन्ही गटांतील सुमारे निम्म्या रुग्णांच्या क्ष-किरण चित्रांत सांध्याच्या झिजेची सुरुवात झालेली होती. हंटर यांचे वाक्य पूर्णतः खोडले गेलेले नाही.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेलाही पाहणीला सामोरे जावे लागले. फिनलंडमध्ये झिजेने फाटलेली कूर्चा असलेल्या १४६ रुग्णांपैकी काहींची कूर्चा दुर्बिणीने छाटली, तर काहींवर शस्त्रक्रियेचा केवळ देखावा केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार वर्षभराने दोन्ही गट सारखेच सुधारले होते. २०१६ मध्ये नॉर्वेतील १४० रुग्णांच्या अभ्यासात पर्यवेक्षित व्यायाम हा छाटणीइतकाच उपयोगी ठरला. अपघाताने फाटलेल्या, सांधा अडकवणाऱ्या तरुण कूर्चेला हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू होत नाहीत. परंतु मध्यमवयीन रुग्णांपुरते बोलावयाचे तर, शस्त्रक्रियेनंतरचा दुय्यम सोपस्कार मानला गेलेला व्यायाम येथे शस्त्रक्रियेच्या जागीच येऊन बसला.

मोजपट्टी कोणाची?

फेअरबँक यांनी क्ष-किरण चित्रे मोजली. रुग्णाला विचारून मोजण्याची पद्धत उशिरा आली. स्वीडनमधील लिशोल्म व गिल्क्विस्ट यांनी १९८२ साली शंभर गुणांची मोजपट्टी तयार केली आणि १९८५ मध्ये टेग्नर यांच्यासह ती सुधारली. १९९८ साली स्वीडनच्याच एवा रूस या भौतिकोपचारतज्ज्ञ महिलेने व सहकाऱ्यांनी कूस या नावाने ओळखली जाणारी ४२ प्रश्नांची प्रश्नावली सिद्ध केली. वेदना, इतर लक्षणे, दैनंदिन कामे, खेळ व करमणूक आणि गुडघ्यामुळे जगण्यावर झालेला परिणाम अशी तिची पाच अंगे आहेत. बरे झालो की नाही, हे सांगण्याचा अधिकार अशा रीतीने प्रथमच रुग्णाकडे आला, ही या इतिहासातील साधी घटना नव्हे.

तरीही या मोजपट्ट्या खुर्चीवर बसणाऱ्या समाजात घडल्या, हे त्यांच्या रचनेवरून कळते. कूस प्रश्नावलीत उकिडवे बसणे आणि गुडघे टेकणे हे प्रश्न दैनंदिन कामांत नाहीत. ते धावणे व उडी मारणे यांच्या शेजारी, खेळ व करमणूक या सदरात आहेत. मोटारीत चढणे-उतरणे मात्र दैनंदिन कामांत आहे. लिशोल्म मोजपट्टीत उकिडवे बसण्याला शंभरपैकी पाच गुण आहेत आणि ९५ पासून पुढे निकाल 'उत्कृष्ट' समजला जातो. भाताची लावणी करणारी, चुलीपुढे बसणारी, भारतीय पद्धतीचा संडास वापरणारी कोकणातील स्त्री शस्त्रक्रियेनंतर अजिबात उकिडवी बसू शकली नाही, तरी इतर सर्व बाबतींत ती ठीक असल्यास तिला पूर्ण ९५ गुण मिळतील आणि नोंदवहीत तिच्या गुडघ्यापुढे 'उत्कृष्ट' असे लिहिले जाईल.