नकली सीडी आणि लॅन गेमिंगचा काळ

महाराष्ट्रात संगणकावरील सामूहिक खेळ रुजला तो सायबर कॅफेत. 2000च्या दशकात तासावर पैसे मोजून मुले लॅनवर (एकाच जागेतील संगणकांच्या जाळ्यावर) ‘काउंटर-स्ट्राइक’ खेळत. एकच नकली सीडी सगळ्या यंत्रांवर चढवली जाई; मुंबईतील लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांत अशा सीडी स्वस्तात मिळत.

कायदा मात्र आधीपासून होता. 1984च्या दुरुस्तीने संगणक प्रणाली कॉपीराइटच्या कक्षेत आली. 1994च्या दुरुस्तीने कलम 63ब जोडले गेले. नकली प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला 7 दिवस ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड ठरला. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायात नसेल, तर न्यायालय कैद टाळू शकते. तासावर पैसे घेणाऱ्या कॅफेला ही सवलत लागू होणे अवघड.

कायद्याच्या धाकापेक्षा तंत्राने अधिक फरक पडला. 2003 साली आलेल्या ‘स्टीम’ या खेळ-वितरण मंचाने खेळ खेळाडूच्या खात्याशी जोडला. पुढे ‘डोटा 2’, ‘व्हॅलोरंट’ आणि मोबाइलवरील ‘बीजीएमआय’ हे खेळ मोफतच मिळू लागले. आज दाभोळसारख्या बंदरगावातही अशा खेळांची स्पर्धा भरवायला नकली प्रत लागत नाही.